फवारणीच्या पाण्यातलं मीठ

मामांना सेनगावच्या दवाखान्यातून हिंगोलीला हलवलंय, असा मामीचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तूर फवारत होते का?" मामी रडत म्हणाली, "व्हय गं, तुला कसं कळलं?" तिसऱ्या दिवशी मामा गेले... त्याला आता दीड महिना झाला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण माझ्यापेक्षा तो गणपतमामांना जास्त. बारावीपर्यंत रोज सायकलवर फाट्यापर्यंत सोडायचे, एसटी हलेपर्यंत थांबायचे. गावात कशावरूनही वाद निघाला की म्हणायचे, "थांबा, आमच्या बीएस्सीला इचारू."

दिवाळीला त्यांनी विचारलं, "माय, कालेजात शिकवलं तरी काय?" मी अंगणातच बादलीत साबणाचं दाट पाणी केलं, मुठीमुठीनं मीठ टाकून ढवळलं. साबण फाटलेल्या दुधासारखा वर आला. "मीठ विरघळताना पाण्याला आपल्याकडं ओढतं," मी सांगितलं. "मग तेलकट वस्तूला पाण्यात थारा राहत नाही, ती गोळा होऊन बाहेर पडते." मामा बादलीकडं बघत राहिले. "म्हंजे फवाऱ्याच्या औषधालाबी थारा न्हाई? पाणी सोडून पानालाच चिकटंल की मंग!"

चौथी शिकलेला माणूस एका बादलीवरून एवढा पुढं गेला, याचंच मला कौतुक. "बराबर मामा! तुमीच प्रोफेसर व्हायला पाहिजे होतं." पानाच्या आधी ते ड्रममध्ये वर तरंगेल, वाफ जास्त सुटेल, आणि पानाला चिकटेल तसं कातडीलाही चिकटेल... हे पुढचं मला ठाऊक होतं. बोलले नाही.

मामी सांगते, त्या दिवशी औषध पाण्यात मिसळेचना, तवंग धरून राहिलं. मामांनी ड्रमवर वाकून कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. डॉक्टर म्हणाले, विषबाधा. मिठाचं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आज लिहितेय ते गेल्या रविवारमुळं. गावी गेले, तर मामांच्या बांधाला लागूनच्या शेतात किसनकाका हरभऱ्याचं औषध ड्रममध्ये एका हातानं ढवळत होते. शेजारी मिठाची पिशवी, फोडलेली.

"काका, हे कुणी सांगितलं?"

"तुझ्या मामानं, माय. भाचीनं दाखवलंय म्हनला. दिवाळीपासून साऱ्यांना सांगत सुटला होता गडी."

"साऱ्यांना म्हणजे कुणाकुणाला?"

काका रिकाम्या हाताची बोटं दुमडत एकेक नाव घेऊ लागले. पाचही बोटं संपली, तेव्हा त्यांनी दुसरा हात ड्रममधून बाहेर काढला.