कमलाबाईंचा तांब्या

कमलाबाई आवळे वीस वर्षं रत्नागिरीत मिशनच्या दवाखान्यात सुईण होत्या, आणि दर रविवारी ख्रिस्ती मंडळीतल्या मुलांना धर्माची प्रश्नोत्तरी शिकवत. "बाप्तिस्मा कोणी द्यावा?" "दीक्षा झालेल्या पाळकानं." उत्तर चुकलं तर कान पिळत.

मिशनच्या बंगल्यावरच्या धाकू माळ्याच्या बायकोचं, राहीचं, पहिलं मूल बाप्तिस्म्याआधीच गेलं, तेव्हा कमलाबाईंनीच तिला सावरलं होतं. "देवाला पाणी लागत नाही गो. लेकरू त्याच्याकडेच आहे." त्या शब्दावर राही पुन्हा उठून चुलीपाशी गेली होती.

दोन वर्षांनी, चौपन्नच्या एप्रिलात, दुसरं झालं. निळं. रडेना. कमलाबाईंनी पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. राही ओरडली, "पाणी घाला बाई! ह्याला तरी तसंच नका पाठवू!"

कमलाबाईंनी तांब्या घेतला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा पाणी घातलं. पोर रडलं.

धाकूनं ही हकिगत कौतुकानं गावभर सांगितली. आठवड्याच्या आत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळानं कमलाबाईंना पाळकांच्या ओटीवर बोलावलं. मंडळात बाई नव्हती. बसायला खुर्ची मात्र दिली.

"तुमच्या सेवेबद्दल तक्रार नाही," पाळक म्हणाले. "तुमच्यामुळेच किती घरं आपल्याला दार उघडतात."

"म्हणून काय शिकवण सैल सोडायची?" चिंतामणराव म्हणाले. ते कोर्टातले निवृत्त कारकून, मंडळातले सर्वांत जुने वडील. "उद्या प्रत्येक सुईण तांब्या घेऊन बसेल. इथं प्रश्नोत्तरी कोण शिकवतं हो?"

"मीच."

"मग?"

मंडळ चूक असतं तर कमलाबाई भांडल्या असत्या. तोंड काही कमी नव्हतं. पण मंडळाचं बरोबर होतं.

ठरलं ते असं: कमलाबाईंनी दिलेला बाप्तिस्मा धरायचा नाही. येत्या रविवारी पाळक तो रीतसर देतील. त्याआधी कमलाबाईंनी स्वतः जाऊन राहीला समजावायचं. नाहीतर त्यांना प्रभुभोजनाला बसता येणार नाही.

राही मागच्या दारी बांगडे साफ करत होती. कमलाबाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं.

"म्हणजे नुसतं पाणी होतं?"

"नुसतं पाणी."

"मग ते गेलं असतं तर?"

"तरी देवाकडेच गेलं असतं. थोरल्याच्या वेळी नव्हतं का सांगितलं?"

"सांगितलंत." राहीनं बांगड्याचे कल्ले ओढून काढले. "मग तुम्ही तांब्या का घेतलात?"

तू मागितलंस म्हणून, असं सांगता आलं असतं. निम्मं खरंही होतं.

"मी घाबरले गो."

राहीचे हात थांबले. "घाबरलात होय," ती म्हणाली. "मी दोन वर्षं तुमच्या शब्दावर काढली, बाई."

"शब्द खराच आहे."

"असेल." तिनं पुढचा बांगडा उचलला. "रविवारी आणते त्याला."

रविवारी पाळकांनी पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. पोर रडलं नाही. मग प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरलं. चिंतामणरावांनी ते कमलाबाईंपुढे धरलं, थोडं जास्तच अदबीनं. कमलाबाईंनी तुकडा घेतला. आता नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं.

पुढच्या बाकावर राही होती. तिच्या खांद्यावरून पोराचं ओलं डोकं कमलाबाईंकडे वळलं होतं. राहीनं मान वळवून एकदा मागं पाहिलं, आणि पोराला छातीशी, पुढच्या बाजूला घेतलं.