कोळ्याचा कूलर

नागपूरच्या मे महिन्यात आमच्या घरातला एकुलता एक कूलर एका कोळ्यासाठी चालतो. टॅरँटुला म्हणतात त्याला; हौस माझी. काचेच्या पेटीत तो केसाळ पाय पसरून बसतो, माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि मी, पन्नाशीचा माणूस, पेटीतल्या थर्मामीटरसमोर देवापुढे वाकावं तसा वाकतो. सत्तावीस. मला धन्य वाटतं. किती क्षुद्र ही धन्यता!

आज तसाच वाकलो होतो, तेव्हा स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी बायको म्हणाली, "झालं का गार तुमचं बाळ? आठ पाय आहेत म्हणून एवढा मान, नाही का?"

मला हसू आलं नाही. माझी माया मुक्या जिवावरच उतू जाते, कारण तो उलटून काही विचारत नाही.

थर्मामीटर काढून मी ओट्यावर नेऊन ठेवला. आकडा चढत चढत चाळिशीपार गेला. तिचं लाटणं थांबलं.

"हे काय? आता मलाही पेटीत ठेवता की काय?"

तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो समोर दिसत असूनही तिचा उकाडा कळायला मला आकडा बघावा लागला.