दोन बोटं दारू

देशीच्या दुकानात लोक तेव्हाही नवटाक मागायचे. शेर-पावशेर सरकारनं कधीच मोडीत काढले होते, पण पिणाऱ्यांच्या जिभेवरून ते हटले नव्हते. आमच्या घरचं माप मात्र बोटांचं. ग्लासाच्या बुडाशी आडवी बोटं धरायची आणि तेवढं ओतायचं.

माझे वडील, अण्णा, शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर काट्यापाशी बसायचे. ढेपेत छटाकभर फरक पडला तर दुकान डोक्यावर घेणारा हा माणूस स्वतःच्या ग्लासाला अख्खा पंजा लावायचा. मग कावीळ झाली, पोटात पाणी झालं, आणि डॉक्टरांनी दारू बंद म्हणून सांगितलं. "एकदम तोडून जमत न्हाय," अण्णा अडून बसले. शेवटी आईनंच तोड काढली. रोज दोन बोटं, आणि बोटं पोरीची. मी कॉलेजात होते, बोटं काडीसारखी. बाटली माझ्या कपाटात कुलूपबंद.

अण्णा कुरकुर न करता तेवढीच प्यायचे. माझ्यामुळं सुधारले, असं मी मैत्रिणींना फुशारकीनं सांगत फिरायचे.

एकदा तास झाले नाहीत म्हणून भरदुपारी घरी आले. स्वयंपाकघरात अण्णा पाटावर बसलेले. आई तांदळाच्या डब्यामागची बाटली काढून ग्लासात ओतत होती. ग्लासाला तिची चार बोटं.

"हे रोजचं चालतंय?"

अण्णांनी मान खाली घातली. आई बूच लावत म्हणाली, "व्हय. तुझं मन मोडू नये म्हणून तुझी दोन बोटं येगळी घेत्यात की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अण्णांचं काय, ते पिणारच होते. पण आई? डॉक्टरांपुढं पदरानं डोळे पुसणारी, मला कुलूप आणून देणारी आई?

"अगं, मरतील ते! तूच मारतीयस त्यांना!"

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर पोटात गेल्याबिगर ह्ये माझ्यासंगं एक शब्द बोलत न्हाईत. तू उद्या लगीन करून जाशील. जिते हाईत तवर बोलू देत की!"

अण्णा पुढं फार जगले नाहीत. आईला मी अजून माफ केलेलं नाही, आणि तिनं माफी कधी मागितलीही नाही.