मोटार कुणी भरली

"तू जरा भाईर थांब. पूजा हुंदे."

केंद्राचे सर म्हणाले. खंडेनवमीचा दिवस. लवकर येऊन मीच शेड झाडली होती, मशीन पुसली होती, झेंडूच्या माळा ओवल्या होत्या. पाटावर पक्कड माझी, हातोडा माझा. आणि मी चपलांच्या ढिगापाशी उभी.

आत संस्थेच्या अध्यक्षांची बायको माझ्या हत्यारांना हळदकुंकू वाहत होती. जिनं जन्मात पाना उचलला नाही, तिचा हात चालला. माझा विटाळ. तसं कुणी म्हणालं नाही. हल्ली म्हणत नाहीत. नुसतं बाहेर थांब म्हणतात.

मी दलित वस्तीतली. आडनाव ऐकलं की कळतं. सांगलीत मावशीकडे राहून विश्रामबागेतल्या या केंद्रात मी मोटार भरायला शिकले. विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. कोर्स संपल्यावर संस्थेनं मागच्या शेडचा कोपरा दिला. इथंच धंदा कर म्हणाले. आई वस्तीभर सांगत सुटली, पोरीचं दुकान झालं. कसलं दुकान? पाटी संस्थेची. मोटारी पुढच्या खिडकीत सरांकडे यायच्या, तिथूनच परत जायच्या. गिऱ्हाइकानं माझं तोंडच पाहिलं नाही, तर तो चार लोकांना माझं नाव सांगणार कसा? बाहेर पडावं तर ओळखीचं एक गिऱ्हाईक नाही. आत राहावं तर ते कधी होणारही नाही. पुरती अडकले होते.

एकदा धीर करून सरांना विचारलं, खिडकीपाशी माझ्या नावाची बारकी पाटी लावू का. ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"आडनाव वाचल्यावर मोटार कोण टाकंल तुझ्याकडं? झाकून हाय तवर चाललंय तुझं."

झाकून. तो शब्द घेऊन मी घरी गेले.

तर खंडेनवमी. पूजा उरकल्यावर मला आत बोलावलं. फोटोसाठी. पक्कड धरून हस म्हणाले. अध्यक्ष पाहुण्यांना सांगत होते, या मुलांना आम्ही उभं केलं. कुठं उभं केलं, ते सांगायचं राहिलं.

दारात एक म्हातारा शेतकरी मोटार न्यायला आला होता. ऊस वाळतोय म्हणत होता. सर त्याला उद्या या म्हणाले, आज यंत्र हलवायचं नसतं. त्याची मोटार माझ्या समोरच होती, झेंडू घालून.

माझं डोकं फिरलं. माळ काढली. वायरी जोडल्या. बटण दाबलं.

मोटार घुमली. अध्यक्षांचं भाषण त्या आवाजात बुडालं. सर बंद कर, बंद कर म्हणत धावत आले. मी बंद केली, पण ती नीट फिरते याची खात्री झाल्यावर. मग म्हाताऱ्याला म्हणाले, "आबा, ही मोटार मी भरलीया. आदूगरची बी मीच भरली हुती."

त्यानं मला खालीवर पाहिलं. "आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. सगळ्या शेडला ऐकू जाईल असं.

त्यानं मोटार टेंपोत घातली आणि गेला. मीही माझी पक्कड, माझा हातोडा उचलला. कुंकू ओढणीनं पुसलं.

आता गावाकडे, उंब्रजला हायवेच्या कडेला माझी पत्र्याची शेड आहे. पेंटरनं विचारलं होतं, ताई, आडनाव बारीक टाकू का? मी ते नावापेक्षा मोठं करून घेतलं. सांगलीचं एकही गिऱ्हाईक मागे आलं नाही. इथंही काही जण गाडी थांबवतात, पाटी वाचतात, पुन्हा किल्ली फिरवतात. कधीकधी दिवसभर हात रिकामे राहतात. भीती वाटते. रात्री आई विचारते, बारीक टाकायला काय झालं होतं?

पाटी उतरणार नाही. ज्याला माझ्या हातची मोटार पाहिजे, त्यानं आडनाव वाचावं आणि मग आत यावं. नसेल जमत, तर त्यानं बाहेर थांबावं. मी थांबायची नाही.