नाणेघाटात बावीस चिंबोऱ्या

नाणेघाटात चिंबोरी, म्हणजे समुद्रातला मोठा खेकडा, सापडत नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असेल तर ते वाक्य दुरुस्त करावं लागेल. सापडते. एक नाही, बावीस सापडतात. त्या तिथे कशा पोचल्या याला एकच जबाबदार इसम आहे (आमची सुमन 'बेजबाबदार' म्हणते), आणि तो म्हणजे मी.

झालं असं. आमची लेक खाडीकाठच्या गावात दिलेली आहे. डिसेंबरात मी, माझी बायको सुमन आणि माझे वडील आबा असे तिच्याकडे दोन दिवस राहून आलो. परतताना तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पहिल्यांदाच आमच्या निमगाव साव्याला यायला निघाल्या. बाई मोठ्या जोरकस! मासळी बाजारात उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुजबुजल्या तरी पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे.

दोन दिवस त्यांनी आम्हाला त्यांचा मुलूख दाखवला. चिखलात टुणटुण उड्या मारणारे निवटे मासे दाखवले, डोक्यावरून घिरट्या घालणारे कुरव पक्षी दाखवले, स्वतःच्या अंगाएवढी एक नांगी उगारून सलाम ठोकणारे इवले खेकडे दाखवले. आणि शेवटी कमरेवर हात ठेवून विचारलं, "व्याही, तुमचे गावाला काय हाय?"

"आमच्याकडं ना..." मी आठवू लागलो. "टोमॅटो..."

"आणि बिबटे," सुमन म्हणाली.

विहीणबाई पदराआड हसल्या. ते हसणं माझ्या काळजाला लागलं!

निघताना त्यांनी गाडीत एक टोपली ठेवली. आत बावीस जिवंत चिंबोऱ्या, वर ओलं गोणपाट, त्यावर सुतळी. ही भेट खास आबांसाठी होती. आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. तरुणपणी कळप घेऊन ते कोकणात उतरले होते, तेव्हा एका खाडीकाठच्या घरी चिंबोरीचं कालवण खाल्लेलं. आता ऐंशीच्या घरात पोचले, तरी त्या कालवणाचा विषय निघाला की डोळे मिटायचे. लेकीकडे दोन दिवसांत नेमकी चिंबोरी मिळाली नव्हती. ती निघायच्या पहाटे मिळाली.

"शिवा, गाडी हळू हाण," आबा मला पुढच्या सीटवरून म्हणाले. "आत जनावर हाय."

माळशेज घाटात गाडीची डिकी आपोआप उघडली आणि काही केल्या बंद होईना. नारळ, सुकट, पापड एवढं सामान कोंबल्यावर ती तरी काय करणार? विहीणबाई मागे घोरत होत्या. डिकी बांधायला काही मिळतंय का म्हणून मी इकडे तिकडे पाहिलं आणि टोपलीची सुतळी सोडली.

"अहो, ती टोपलीची हाय," सुमन म्हणाली.

"वर गोणपाट आहे की! आणि नांग्या बांधलेल्याच असतात त्यांच्या. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं."

(मी तीस वर्षं शाळेतच शिकवलं. माझ्या विद्यार्थ्यांची मी जाहीर माफी मागतो.)

डिकी बांधली आणि त्याच जोशात ठरवलं, विहीणबाईंना आज नाणेघाट दाखवायचाच! जुन्नरला आल्यावर घराकडे वळायच्या ऐवजी गाडी घाटघरच्या रस्त्याला घातली. घाटमाथ्यावर ऊन चांगलंच चढलेलं. बंद गाडीत चिंबोऱ्या मरतील म्हणून टोपली डोक्यावर घेतली आणि दगडी पायऱ्यांच्या वाटेनं खाली लेण्यात नेऊन गार कोपऱ्यात ठेवली. किती हुशारी!

लेण्यात पुण्याची एक सहल आलेली होती. दहा-बारा माणसं, आणि त्यांना माहिती सांगणारे एक टोपीवाले गृहस्थ. पण आमच्या विहीणबाईंना परक्यानं का सांगावं? मी घसा खाकरला. भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे हात केला.

"विहीणबाई, ही वाट दोन हजार वर्षांची. सातवाहनांच्या काळी तुमच्या बंदरावरचा माल याच वाटेनं वर आमच्या जुन्नरला यायचा!"

आणि नेमका तेव्हाच समुद्रावरचा माल वर आला.

पहिली चिंबोरी टोपलीच्या काठावर चढून, सगळ्यांकडे एकवार बघून, तिरकी तिरकी खाली उतरली. मग दुसरी. मग गोणपाटच चालू लागलं!

"आई गं! विंचू!" एक पुणेकर बाई किंचाळली.

"विंचू नाही, खेकडा," टोपीवाले म्हणाले आणि स्वतःच ओट्यावर चढले.

"सुतली कोनी सोरली?" विहीणबाई गरजल्या. (त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. एरवी कानाला गोड लागतो. त्या दिवशी नाही लागला.)

"मी... पण नांग्या बांधलेल्या असतात ना?"

"बांधायला टाइम कुठं व्हता? म्हनून तर टोपलीचा तोंर बांधला!"

मी घाईनं टोपली उचलायला गेलो. ती पूर्ण पालथी झाली. उरलेल्या सगळ्या एकदम मोकळ्या! काही लेण्याच्या कोपऱ्यात, काही लोकांच्या पिशव्यांखाली, आणि बऱ्याचशा बाहेर पडून पायऱ्यांवरून खाली, थेट कोकणाच्या दिशेनं. मी एकीला रुमाल टाकून धरायला गेलो, ती रुमाल घेऊन गेली. लोक मोबाइल काढून उभे. मी दोन दगडांमध्ये नाचतोय आणि डोळ्यांसमोर आबांचं कालवण उताराला लागलेलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला आता काय सांगू?

पण आबा जागेवर नव्हतेच. काठी टेकत ते केव्हाच चिंबोऱ्यांच्याही पुढे, खालच्या अंगाला जाऊन उभे होते.

"शिवा, तू गप उभा ऱ्हा!" ते खालून ओरडले. "बुजल्यालं जनावर उताराला पळतं. मागनं हाणायचं न्हाई, पुढनं वळवायचं!"

आणि त्यांनी काठी आडवी धरून जिभेनं आवाज काढला, "हिर्रर्र... हिर्रर्र..." तो आवाज चिंबोऱ्यांना ऐकू आला की नाही, देव जाणे. पण समोर काठी आपटली की त्या थांबायच्या, तिरक्या वळायच्या आणि वर चढायला लागायच्या. वर विहीणबाई पदर खोचून बसलेल्याच होत्या. आबांनी वळवायची, बाईंनी मागून चिमटीत उचलायची, टोपलीत टाकायची, सुमननं गोणपाट दाबायचं.

"आजोबा, डावीकडं एक!"

"बघितली, बघितली. तिला येऊ द्या. लई शाणी हाय ती."

लेण्यातल्या कोपऱ्यातून आबांनी काठीनं एकेक बाहेर काढली. भिंतीवरच्या एकाही अक्षराला धक्का नाही. पुणेकर मंडळी आता घाबरायचं सोडून चिंबोऱ्या दाखवायला लागली. "आजोबा, माझ्या सॅकखाली!" "इकडे, इकडे, दगडामागे!" टोपीवाले ओट्यावरूनच मार्गदर्शन करत होते. अर्ध्या तासात टोपली भरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज घाटात असा घुमला की आबा लाजून टोपी नीट करू लागले.

"एक कमी हाय," ते म्हणाले.

"मोजल्या कधी तुमी?" विहीणबाईंनी विचारलं.

"मोजायचं कशाला? डाव्या नांगीचा टवका उडालेली एक मोठी व्हती, ती दिसत न्हाई."

विहीणबाईंनी मोजल्या. एकवीस! त्या आबांकडे बघतच राहिल्या. मासळीच्या धंद्यात मुरलेली बाई, पण असा माणूस तिनं पाहिला नसावा.

मग बाविसावीचा शोध सुरू झाला. आता तरी काहीतरी करून दाखवावं म्हणून मी सगळ्यांत पुढे. वाकून दगड पाहिले, कपारी पाहिल्या. मागे खसखस पिकत होती. मला वाटलं, लोक अजून आबांचं कौतुक करताहेत.

"अहो," सुमन म्हणाली, "हलू नका. अजिबात हलू नका."

बाविसावी माझ्या पँटला मागून लटकलेली होती.

संध्याकाळी निमगाव साव्याला विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं कालवण केलं. आबांनी तीन वेळा भाकरी मागून घेतली आणि डोळे मिटून म्हणाले, "तेच! अगदी तेच!" विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं असेल, असं त्या म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर त्यांनी आमच्या लेकीला फोन लावला. फोनची गरज नव्हती, नुसत्या बोलल्या असत्या तरी खाडीपर्यंत ऐकू गेलं असतं.

"सूनबाई, तुमच्या आजोबांसारखा मानूस नाय गो! एकवीस चिंबोऱ्या वलवल्या, एकीला इजा नाय. लय भारी हाय तुमचा मुलूख!"

पलीकडून लेकीनं काहीतरी विचारलं. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला.

"बाबांनी? नाय. एकच व्हती त्यांच्या वाट्याला. पन तीही त्यांनी नाय धरली, तिनंच त्यांना धरला."