डावी पाकळी

आमच्या गावची देवराई मी वाचवली, असं गाव म्हणतं. कुणी पाहुणा आला की मला पुढे बसवतात, हार घालतात आणि मी मान खाली घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा. वर बघायची हिंमत होत नाही, एवढंच.

मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. आमचं घर गुरवाचं. देवाची पूजा आमच्याकडे आणि कौल लावायचं कामही आमचंच. दोन भिजल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन अंगांना चिकटवायच्या, मानकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. पेरणी कधी करायची, मुलगी कुठे द्यायची, लोक सगळं देवाला विचारत. गाभारा इतका अरुंद की माझ्या पाठीआडून कुणाला काही दिसत नसे. मी बाहेर येऊन सांगेन तो देवाचा शब्द. वडील गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

पंचावन्न सालच्या आसपास घाटावरचा एक लाकडाचा ठेकेदार आला. देवळामागची राई त्याला हवी होती. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. वरच्या फांद्यांवर ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, बसत, आणि खाली जो झरा होता त्याच्यावर खालच्या वाडीच्या बायका वैशाख काढत. ठेकेदार म्हणाला, “राई तोडू द्या, मी वरच्या कातळाच्या सड्यावरून थेट मोटारीच्या थांब्यापर्यंत रस्ता काढून देतो.” गाव विरघळला. मी गावाला दोष देत नाही. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचं तर चार कोस कातळ तुडवावा लागे. रस्ता कुणाला नको होता?

पण कौल लावण्याआधीच त्याची माणसं वहाणा घालून राईत शिरली आणि बुंध्यांवर चुन्याच्या खुणा करून आली. माझं डोकं फिरलं. देवाला अजून विचारलंही नव्हतं आणि हे मोजणी करून मोकळे.

कौलाच्या दिवशी सगळा गाव देवळात लोटला. बायका बाहेर, बापये सभामंडपात. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, राय तोडूक तुझी मर्जी आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी.” मागून सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

उजवी पडली. लगेच पडली. एवढ्या झटकन मिळालेला कौल मी वडिलांच्या वेळीही पाहिला नव्हता.

मी ती उचलून मुठीत धरली, बोटाने डावी खाली ओढली आणि बाहेर येऊन म्हणालो, “देवान डावी दिल्यान.” माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याचीच मला पुढे जास्त भीती वाटली.

मानकऱ्याने ठेकेदाराला नारळ देऊन वाटेला लावलं. देवाने राखायला सांगितलंय म्हटल्यावर गाव असा कामाला लागला की बघत राहावं. राईत कोयती न्यायची नाही, अशी घरागणिक शपथ झाली. राखणीच्या पाळ्या ठरल्या. शिमग्याची शिकारसुद्धा राईच्या हद्दीत बंद झाली. दरवर्षी वणव्याच्या दिवसांआधी काठाचा पाला ओढून सगळीकडून पट्टा मोकळा करायचा, त्यात बायका पुढे आणि बायकांत माझी बायको सगळ्यांत पुढे. जंगल खात्याचे एक साहेब येऊन म्हणाले, “गावाची एकी वाखाणण्यासारखी आहे.” मी त्यांना शहाळं सोलून दिलं.

दोन वर्षांनी आश्विनात आमच्या मुलीचा, आमच्या चेडवाचा, घसा धरला. चार वर्षांची होती. सकाळी तिला पाणी गिळेना, तेव्हा तिला घेऊन आम्ही दोघं निघालो. ऊन तापलेलं, सडा उघडा, सावलीला एक झुडूप नाही. ठेकेदाराचा रस्ता याच सड्यावरून जाणार होता. आम्ही आळीपाळीने तिला खांद्यावर घेत होतो. अर्ध्या वाटेवर, बायकोच्या खांद्यावर, तिचा श्वास थांबला. बायको थोडा वेळ तशीच चालत राहिली. मग म्हणाली, “परतूया.”

त्यानंतर राई मला वेगळी दिसू लागली. पूजेला जाताना ककणेर डोक्यावरून उडाला की त्याच्या पंखांचा घरघरता आवाज यायचा. मुलीचा श्वास शेवटी तसाच वाजत होता. गावातले म्हणतात, राईचा अदृश्य राखणदार हाका मारतो. मी त्या हाका ऐकल्या आहेत, भर दुपारी, पूजेचं ताट हातात असताना. मी ओ दिली नाही. राई दरवर्षी दाट होत गेली, झरा ज्येष्ठापर्यंत वाहू लागला, आणि मला तिचा राग येऊ लागला. झाडांचा राग करणारा माणूस कसला गुरव?

दहा वर्षं मी गप्प होतो. मग एका दुपारी बायको आणि मी दोघंच काठाचा पाला ओढत होतो, तेव्हा बोलून गेलो. त्या दिवशी उजवी पडली होती, म्हटलं. आता ही हातातलं दाताळं माझ्या डोक्यात घालील, अशी तयारी ठेवूनच बोललो होतो.

“माका ठावक आसा,” ती म्हणाली.

“कधीपासना?”

“त्याच दिसापासना. तेव्हापासना तुमी देवाचो प्रसाद तोंडात घालूक नाय.”

“मगे बोललंस कित्याक नाय? चेडू गेला तेव्हा तरी बोलाचा होता.”

“काय बोलतलंय?” तिने पाल्याचा ढीग पायाने सारला. “माका पण राय होयी होती. तुमी आत होतास तेव्हा मी भायर उभी रवान देवाक सांगी होतंय, डावी दी म्हणान.” मग म्हणाली, “तेव्हा चेडू माझ्या कडेरच होता.”

आणि ती पुढचा पाला ओढू लागली.