तानुबाईचा निळा अंगठा

घासलेट आधी घालावं की कंदील आधी लावावा, हा प्रश्न डोणगावात कुणालाच पडत नसे. भालचंद्र मास्तरांना तो पडला, तोही कंदील लावून झाल्यावर.

मास्तर त्या दिवशी लढाई जिंकून आले होते. जर्मनांशी नव्हे, कंट्रोलच्या दुकानदाराशी. गोरगरिबांना ठरल्या भावानं घासलेट मिळालंच पाहिजे, असं सरकारनं छापून भिंतीला चिकटवलं होतं. आणि दुकानदार ‘संपलं’ या एका शब्दावर सरकारला पुरून उरला होता. मास्तरांनी दुकानासमोर उभं राहून तो हुकूम शाळेतल्या कवितेसारखा चालीवर म्हटला. मग पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदा गर्दीनं साथ धरली, तेव्हा आतून डबा निमूट बाहेर आला. शेजारच्या तानुबाईची बाटली भरून मास्तर स्वतः तिच्या ओसरीवर घेऊन गेले. एवढा पराक्रम केल्यावर कंदील दुसऱ्याला कसा भरू द्यायचा?

“ठेवा तिथं, मास्तर. मी भरीन.”

“तुम्ही बसा हो, काकू!” असं म्हणत मास्तरांनी जळत्या कंदिलाची काच उचलली. ती गरम असते हे बोटांना कळलं आणि त्यांनी ती सोडून दिली.

त्या दिवसांत कंदिलाची काच दुकानात नुसती पाहायलाही मिळत नव्हती. तानुबाईनं ती वरच्या वर झेलली. काच वाचली, अंगठा भाजला. भाजल्यावर शाई लावायची हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तरांकडे तर शाळेची अख्खी दौत होती. त्यांनी अंगठा चांगला बुडवून काढला. तानुबाई त्या निळ्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मास्तरांना वाटलं, फार दुखत असेल.

दुखत होतंच, पण तिचा घोर वेगळा होता. त्याच अंगठ्यावर तिची चूल चालायची.

मागच्या मोठ्या लढाईत तानुबाईचा नवरा फौजेबरोबर समुद्रापार बसऱ्याला गेला, तो परत आला नाही. पोरबाळ नव्हतं. सरकारनं पेन्शन बांधून दिली. दीर शेषराव, मनाचा मोठा माणूस. “वहिनी, चूल एक करू,” म्हणाला. तानुबाईनं त्याला गूळपाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या खोपट्यात नवी चूल घातली. दिराच्या घरी तिला उपाशी कुणी ठेवलं नसतं. पण भाकरी थापायच्या आधी जावेच्या तोंडाकडे पाहावं लागलं असतं. पेन्शन होती तोवर तिला फक्त विस्तवाकडे पाहावं लागे.

नवऱ्याचं नाव मात्र तिनं कधी घेतलं नाही. आपल्याकडे बायका घेतच नाहीत, पण निदान लग्नाकार्यात उखाण्यात तरी घेतात. ही तिथंही पदर सावरून उठून जायची. ती त्याला ‘बसऱ्यावाले’ म्हणे. हळूहळू गावही म्हणू लागलं. बसऱ्यावाल्याचा निंब, बसऱ्यावाल्याच्या शेताची मेर. मास्तरांना गावात येऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनाही दुसरं नाव ठाऊक नव्हतं, आणि दुसरं असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

पेन्शनीला दरखेपेला शेषराव सोबत जाई. या खेपेला मास्तर मध्ये पडले. “तुम्ही शेताचं पाहा, शेषराव. यंदा मी नेतो काकूंना.”

“बरं हाय. पन मास्तर, तिथं कारकून विचारते...”

“विचारू द्या हो! मी कशाला आहे?”

शेषराव जरा घुटमळला आणि वखराकडे गेला. मास्तर आणि तानुबाई कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून, चढाला उतरून ढकलत, तालुक्याच्या कचेरीत पोचले.

तिथला जुना कारकून बदलून गेला होता. नवे वामनराव नाकावर चष्मा आणि जिभेवर नियम घेऊन बसलेले. त्यांनी शाईची गादी पुढे सरकवली, तानुबाईचा हात धरला आणि चष्म्यावरून पाहिलं.

“हा तर आधीच शाईत आहे! सकाळपासून कुठे कुठे उठवून आलीस, बाई?”

“ती शाई मी लावली,” मास्तर पुढे झाले.

“तुम्ही कोण?”

“शिक्षक.”

“अस्सं. मग कुणाच्या कागदावर उठवून घेतलात?”

मास्तरांनी कंदिलापासून सगळं सांगितलं. घासलेटाचा विजयही सांगितला, तो सांगायला नको होता. वामनरावांनी अंगठा कागदावर दाबला. निळा डाग उमटला. रेषा एक नाही.

“हे नाही चालायचं. मागे एक बाई मेलेल्या जावेची पेन्शन उचलताना सापडली. म्हणून सरकारनं नियम कडक केले आहेत. तुमच्याच रक्षणासाठी.”

“माह्या रक्षनासाठी मलेच हाकलून राह्यले?” तानुबाई म्हणाली.

“हाकलत नाही, विचारतो आहे. मयत शिपायाचं नाव काय?”

तानुबाईनं मान खाली घातली.

“दरखेपेला कोण सांगतं?”

“दीर सांगते.”

“कुठे आहे दीर?”

तानुबाईनं मास्तरांकडे पाहिलं. शेषराव जाताना का घुटमळला होता, ते मास्तरांना आत्ता कळलं. त्यांनी घसा खाकरला.

“बसऱ्यावाले.”

“हे नाव आहे की पत्ता?” मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. वामनराव हसले नाहीत. त्यांनी टाक शाईत बुडवला. “नवऱ्याचं नाव बाई सांगत नाही, सोबत आलेल्याला ठाऊक नाही, अंगठा जुळत नाही. मी शेरा मारतो, ही बाई ती नव्हे. पेन्शन बंद.”

“अहो, थांबा!” मास्तर म्हणाले.

तानुबाई उठून उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढला. कारकुनाकडे नाही, मास्तरांकडे नाही, खिडकीबाहेर बैल सोडलेल्या छकड्याकडे पाहत ती म्हणाली,

“उकंडराव.”

बाकावरचं हसू थांबलं. वामनरावांनी कागदावर बोट फिरवलं. “इथे उकंडा लिहिलं आहे.”

“तुमच्या कागदात असंन उकंडा. घरी उकंडराव व्हते. बापाचं नाव पुंजाजी.” आवाज जरा चिरकला, पण ती थांबली नाही. “अजून काई इचारायचं हाय काय?”

वामनरावांनी टाक पुसला. मग पुष्कळ मऊ आवाजात म्हणाले, “ओळख पटली असं लिहितो. पण बाई, अंगठा पाहिजेच. बरा झाला की या. तोवर मात्र थांबावं लागेल.”

थांबावं लागेल म्हणजे तोवर दिराच्या घरी. दोघांनाही ते न बोलता कळलं.

परतीच्या मोटारीची वाट पाहत तानुबाई कचेरीच्या पायरीवर बसली. मास्तरांनी पाणी आणलं, तिनं घेतलं नाही. भाजलेला अंगठा मुठीत धरून ती काहीतरी ओठांतल्या ओठांत म्हणत होती. तेच नाव असावं. तोंडाला सवय नव्हती. मास्तरांना ते पाहवेना. गप्प बसणं हा त्यांचा स्वभावही नव्हता.

“काकू, मनाला लावून घेऊ नका. आता नाव मलाही ठाऊक झालं. पुढच्या खेपेला तुमच्या तोंडून नको, मीच सांगेन.”

तानुबाईनं वर पाहिलं.

“नाव मी घीन, तुमी माह्या कंदिलाले हात लावू नका.”